आधी ब्रेक, मग इंजिन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या अण्णांचं गॅरेज होतं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन ॲम्बॅसेडर उभ्या केल्या की तिसरीला रस्त्यावरच थांबावं लागे. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे जायचो. माझ्या वाट्याचं एक काम ठरलेलं असे. एअर फिल्टर उतरवलेल्या एस.यू. कार्ब्युरेटरची वरची टोपी फिरवून काढायची, तोंडातून बोट घालून आतला पिस्टन वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. खाली येताना 'टक्' असा स्वच्छ आवाज झाला, तर सुई जेटच्या मधोमध आहे. आवाज दबका आला, तर जेट सैल करून पुन्हा मध्यावर आणायचं. लहान मुलाचे कान तिखट असतात म्हणून हे काम अण्णांनी मला दिलं होतं.

पुढे नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडला आलो. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला एका खेड्यातल्या धान्याच्या कोठारात १९६९ सालची एक एमजीबी विकायची आहे असं कळलं, म्हणून बघायला गेलो. मालकाने बॉनेट उघडलं आणि समोर दोन एस.यू. कार्ब्युरेटर शेजारी शेजारी उभे. माझा हात आपोआप टोपीकडे गेला. त्या कार्ब्युरेटरखालचं इंजिनही पाहिल्यापाहिल्या ओळखलं. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सिरीज' या एकाच घराण्यातली. पुशरॉड त्याच पद्धतीचे, टॅपेट लावायची रीत तीच. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, हेही तसंच. उद्यमनगरात टॅक्सी म्हणून राबणारं इंजिन इथे दोन माणसांच्या उघड्या गाडीत बसवलेलं होतं. गाडी मी त्याच दिवशी घेतली.

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि ब्रेक कसे सुधारावेत, हा या पुस्तकाचा विषय आहे. सगळ्या जुन्या गाड्यांबद्दल एकदम लिहायचं मी टाळलं आहे. तसं लिहिलं की 'योग्य तो पार्ट निवडावा' अशी वाक्यं येतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून एकच गाडी घेतली, जी मी नटबोल्टापर्यंत ओळखतो. एमजीबी निवडायला दुसरंही कारण आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावात या गाड्या बनल्या, त्याही पाच लाखांहून अधिक. त्यामुळे आजही हिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट नवा मिळतो. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवर अख्खी बॉडीसुद्धा नव्याने बनवायला घेतली. शिकायला इतकी सोयीची जुनी गाडी दुसरी नाही.

गाडी नवी होती तेव्हाचे आकडे एकदा सांगतो, पुढे सगळीकडे तेच लागणार आहेत. दोन कार्ब्युरेटर असलेल्या, इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या गाडीचं इंजिन ५४०० आरपीएमला ९५ हॉर्सपॉवर द्यायचं. बोअर ८०.२६ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. म्हणजे स्ट्रोक लांब. अशा इंजिनाचा जोर खालच्या आरपीएमला असतो, वरच्या आरपीएमला ते लवकर दमतं. १९६४ पर्यंत क्रँकला तीन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. पुढच्या चाकांना पावणेअकरा इंची डिस्क, मागे दहा इंची ड्रम. वजन टनाच्या आसपास.

हे आकडे वाईट नाहीत. सिड एनेव्हर आणि त्यांच्या माणसांनी १९६२ साली समोर ठेवलेली गाडी त्या काळाच्या रस्त्यांसाठी पुरेशी होती आणि थांबायलाही चांगली होती. आज ती कमी का पडते? माझ्या अनुभवात, दहापैकी आठ वेळा मूळ रचनेत दोष नसतोच. पन्नास वर्षांची हयगय साठलेली असते. रबर कडक झालेलं, ड्रम अंडाकृती झालेले, डेल्कोतल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, स्प्रिंगा ताणलेल्या, टायमिंग चेन सैल, आणि 'चालतंय ना' म्हणून सोडून दिलेलं बरंच काही. अशी गाडी आधी मूळ अवस्थेत आणली, तर अनेकांना वाटतं की हिला मोठं इंजिनच बसवलंय. सुधारणा त्यानंतर सुरू होते, आणि ती ब्रेकपासून सुरू होते. पुस्तकाची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत. हा क्रम मी शिकलो तो एका उतारावर.

गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी हेड उतरवून पोर्ट मोठे करून घेतले, वेगळा कॅमशाफ्ट घातला, नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावला. गाडी झकास पळू लागली. ब्रेक एका वर्कशॉपने 'तपासून दिले' होते. पॅड जाड होते, डिस्क चकचकीत होत्या, म्हणून मीही पुढे विचारलं नाही. उन्हाळ्यात आम्ही दोघं, मी आणि बायको, एक्समूरला फिरायला गेलो. सॉमरसेटमध्ये पॉर्लॉक हिल नावाचा उतार आहे. चार फुटांना एक फूट, इतका खडा. आपल्याकडच्या घाटांत शिकलेल्या माणसाला तो लांबीने किरकोळ वाटतो. वरच्या माळावर मी गाडी पळवली होती, वळणांवर ब्रेक दाबून दाबून. उतार लागला तेव्हा तिसऱ्या गिअरमध्येच होतो. दुसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला, तर पेडल स्पंजासारखं लागलं. पुन्हा दाबलं, तर ते जमिनीपर्यंत गेलं. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक खेचत धरला आणि गाडी कडेच्या चढावर घातली. बायको काही बोलली नाही, पण तिने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. चाकांतून करपल्याचा वास येत होता. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

अण्णा प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे, "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर." ते मला पाठ होतं, तरी मी तिसऱ्यात होतो. पण ती निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी ब्रेक ऑइलमध्ये होती. आधीच्या मालकाच्या वहीत ते बदलल्याची शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच. नेहमीच्या डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि ते हवेतली वाफ शोषून घेतं. होसच्या रबरातून, झाकणाच्या छिद्रातून, रोज थोडी थोडी. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. कॅलिपरमध्ये १५५ अंश गाठायला फार मोठा डोंगर लागत नाही. द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही. पेडलचा सगळा दाब बुडबुडे चेपण्यात जातो आणि पॅडपर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल शहाण्यासारखं वागू लागतं. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हा दोष कधीच सापडत नाही.

इंजिनाची ताकद वाढवली की हे आणखी बिघडतं. का, ते समजून घ्यायला थोडं गणित पुरेसं आहे. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. टनभर वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना साधारण ३८६ किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. घरातलं एक लिटरहून थोडं अधिक पाणी उकळीला यायला इतकी उष्णता लागते, आणि इथे ती काही सेकंदांत चार चाकांमध्ये ओतायची असते. वेग १४० केला, तर आकडा दुप्पट होतो, वेग मात्र दीडपटही झालेला नसतो. इंजिनात हॉर्सपॉवर वाढवून मिळवलेला वेग थांबताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन येतो. ज्याला हे पटलं, त्याला पुस्तकातला क्रम पटेल.

मग ब्रेकमध्ये करायचं काय? मोठे, रंगीत कॅलिपर लावलेल्या गाड्यांचे फोटो पाहून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मी सुरुवात होसपासून करायला सांगतो. पॉर्लॉकहून परतल्यावर पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होस मी काढला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून तो काळा, गुळगुळीत, एकही चीर नाही. आतलं रबर मात्र सुजून भिंती जवळजवळ चिकटल्या होत्या. मधलं छिद्र टाचणीएवढं उरलं होतं. पाय दाबल्यावर जोराने द्रव पलीकडे जात होतं, पाय काढल्यावर परत यायला वाट नव्हती. म्हणजे त्या चाकाचे पॅड सतत डिस्कला घासत होते आणि तापत होते. करपल्याचा वास तिथला होता. तो चिरलेला होस मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. चार नवे पैसे टाकून बदलता आला असता, आणि 'तपासून दिलेल्या' कामात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

होस, धातूच्या नळ्या, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची रबरं, ताजं द्रव. एवढं झाल्यावर चांगल्या प्रतीचे पॅड आणि लायनर. बहुतेक एमजीबींना रस्त्यावर चालवायला इथेच पुरे होतं. त्यापुढे जायचं असेल, तर एमजीबी जीटी व्ही-८ चे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर हा कारखान्याने स्वतःच घालून दिलेला मार्ग आहे. डिस्क जाड, म्हणजे उष्णता साठवायला लोखंड जास्त. बुस्टरबद्दल मात्र एक गैरसमज सगळीकडे आहे, उद्यमनगरातही होता. बुस्टरने ब्रेक जास्त लागत नाहीत. पायाला लागणारा जोर कमी होतो, इतकंच. डिस्क तेवढीच, टायर तेवढाच. थांबायचं अंतर शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं, आणि दहा वर्षांचे कडक झालेले टायर ठेवून ब्रेकवर खर्च करणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट जपून करायची. मागचे ब्रेक वाढवायचा मोह धरू नका. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी जाम झाली, तर गाडी स्वतःभोवती फिरते. मागच्या व्हील सिलिंडरचा बोअर कारखान्याने विचार करून ठेवला आहे, तो तसाच राहू द्या. माझ्या गाडीसारख्या इंग्लंडसाठी बनलेल्या त्या काळच्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९६८ पासून तिथल्या नियमांमुळे दोन सर्किट मिळाली. एक सर्किट बदलून दोन करणं हा कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि जुने ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे. फडकं ओलं करून पुसा. अण्णांच्या काळात हे कुणी सांगितलं नाही, आणि त्या शेडमध्ये आम्ही सगळेच ती धूळ गिळत होतो.

आता इंजिन. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी इनलेटची दोनच तोंडं आहेत, दोन दोन सिलिंडरमध्ये एक. ज्वलनाची जागा हॅरी वेस्लेक यांनी आखलेली, हृदयाच्या आकाराची. ही रचना खालच्या आणि मधल्या आरपीएमला उत्तम श्वास घेते. शर्यतीचा कॅम घातला, तर शेजारचे दोन सिलिंडर एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात, आयडलिंग बिघडतं, आणि शहरात गाडी चालवणं शिक्षा होते. म्हणून हेडचं काम आधी, कॅम नंतर, आणि तोही सौम्य. हेड खाली उतरलंच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं जपायचं. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे ते २००० साली गेलं. आता इथेनॉल आलं आहे, त्याने जुने रबरी पाइप मऊ पडतात. पेट्रोलचे सगळे पाइप बदलल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नका.

नवा कॅम बसवल्यावरची पहिली वीस मिनिटं इंजिनाचं आयुष्य ठरवतात. कॅम आणि टॅपेटचे पृष्ठभाग तेव्हाच एकमेकांना जुळवून घेतात आणि त्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. आयडलवर ते पुरेसं उडत नाही. म्हणून इंजिन सुरू होताक्षणी २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत ठेवायचं. तेल जस्त असलेलं, २०-५० ग्रेडचं. याच वेळी टायमिंग चुकीचं निघालं, पाणी गळलं, तर घाबरून लोक इंजिन मंद करतात आणि कॅमचा नाश होतो. तेव्हा चावी फिरवण्याआधी डेल्को, पाणी, पेट्रोल तीनदा तपासा. या वीस मिनिटांसाठी पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे आणि ते मला कुठेही लांब वाटत नाही.

मोठं इंजिन घालावं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर याच गाडीच्या इतिहासात दोन वेळा दिलं गेलं आहे. १९६७ मध्ये कंपनीने एमजीबीच्या बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवून एमजीसी काढली. पुढचा भाग जड झाला, गाडी वळणात नाक बाहेर काढू लागली, समीक्षकांनी झोडपलं आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. पुढे केन कॉस्टेलो यांनी रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ याच गाडीत बसवून दाखवलं. हे इंजिन मुळात अमेरिकेच्या ब्यूइकचं, आणि वजनाला चार सिलिंडरच्या लोखंडी बी-सिरीजपेक्षा फार जास्त नाही. त्यानंतर १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची जीटी व्ही-८ आणली, ३५२८ सीसी आणि १३७ हॉर्सपॉवरची. तिच्या २५९१ गाड्या बनल्या आणि त्या आजही लोक जिवापाड जपतात. एमजीसीची ताकद तर १४५ हॉर्सपॉवर होती, थोडी जास्तच. दोघींत फरक पडला तो पुढच्या चाकांवरच्या वजनाने. इंजिन निवडताना आधी काटा बघा, मग ताकद.

कायद्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण मोठे फेरफार केले नसतील तरच, आणि सिलिंडरची संख्या बदलणं हे बहुधा अशा फेरफारात धरलं जातं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, तीही गाडी मूळ रूपात असेल तर. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट पुसून, चिठ्ठी लावून ठेवा. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा.

हे पुस्तक मराठीत का, असं मला इथल्या एका स्नेह्याने विचारलं. पाना हातात असताना माझ्या डोक्यात जे शब्द येतात ते अण्णांच्या शेडमधले आहेत. टॅपेट 'लावणं', ब्रेकची 'हवा काढणं', पेडल 'खाली बसणं'. या शब्दांत जे मला कळलं ते याच शब्दांत सांगणं मला सोपं जातं. ज्यांच्या घरी अजून एखादी जुनी ॲम्बॅसेडर उभी आहे, त्यांनाही बी-सिरीजवरची प्रकरणं जवळजवळ जशीच्या तशी कामाला येतील.

पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते वहीत शोधा. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल, किंवा तारीखच सापडत नसेल, तर याच आठवड्यात सगळं बदला, चारही चाकांची हवा काढा आणि मास्टर सिलिंडरजवळ तारखेची चिठ्ठी चिकटवा. पुस्तक तोवर थांबेल.